खालच्या चार रांगा

३ मार्च, मंगळवार

एकदाची प्लेट भरून झाली. तीन हंगाम पुलाखाली आणि नदीच्या कड्यावर शिड्या लावून, जाळी धरून, पाकोळ्यांच्या शिव्या खाऊन जमवलेलं रक्त आज तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये मावलं. पाकोळ्या शिव्या देतात. ज्याला पटत नाही त्याने त्यांच्या घरट्याजवळ डोकं न्यावं.

प्लेटमध्ये आठ रांगा, एकेका रांगेत बारा घरं, एकेका घरात एका पाकोळीचा डीएनए. वरच्या चार रांगा मुंगीने भरल्या. मुंगी म्हणजे माझी संशोधन सहायिका. एवढीशी मूर्ती, दिवसभर तुरुतुरु काम, तोंडातून शब्द नाही. चौथ्या रांगेनंतर तिच्या मनगटात चमक भरली, तेव्हा म्हटलं, ऊठ, खालच्या मी भरते. बऱ्याच दिवसांनी पिपेट हातात घेतलं, बरं वाटलं. मी डावरी, त्यामुळे नळ्या, प्लेट सगळं माझ्या सोयीने वळवून घेतलं, चष्मा डोक्यावर सारला आणि सुरू झाले. अर्धी प्लेट भरलेली, अर्धी रिकामी. यात चुकायचं ते काय?

मुंगी मागून म्हणाली, "मॅडम, ते जरा..."

"अगं, आधी मनगट शेक," मी म्हटलं. काळजी घ्यावी लागते हिची. स्वतःचं काही सांगेल तर शपथ.

४ मार्च, बुधवार

प्लेट जिनोमिक्स केंद्रात पोचवली. विद्यापीठातले सगळे जीववाले, म्हणजे मासेवाले, गवतवाले, रोगवाले आणि आम्ही पक्षीवाले, शेवटी याच एका दारात येऊन उभे राहतो, कारण महागडी यंत्रं तिथेच आहेत. त्या दारात कर्नल बसतो. सैन्याशी त्याचा काही संबंध नाही, पण सदऱ्याची इस्त्री आणि पाठीचा कणा बघितला की दुसरं नाव सुचत नाही. तो मला पाण्यात पाहतो.

आज म्हणाला, "नर कुठले, मादी कुठल्या, तेही पाठवा."

मी म्हटलं, "साहेब, माझा प्रश्न वेगळा आहे. पुलाखालच्या पाकोळ्या आणि कड्यावरच्या पाकोळ्या वेगळ्या झाल्यात का, एवढंच बघायचंय. नर-मादी कशाला? लग्नं जुळवायचीत?"

तो हसलासुद्धा नाही. "पाठवा," म्हणाला. "मी सगळ्यांनाच सांगतो."

पाठवलं. विणीच्या हंगामात मादीच्या पोटावरची पिसं गळलेली असतात, त्यामुळे पक्षी हातात असतानाच आम्ही ते टिपून ठेवतो. माहिती तयारच होती, पण असल्या खोदकामाचा मला कंटाळा येतो.

१२ मार्च, गुरुवार

वाट बघणे. दुसरं काम नाही.

दहा एप्रिलला अनुदान समितीची बैठक आहे. पहिला टप्पा संपतोय. दुसरा मिळाला तर आणखी तीन वर्षं पाकोळ्या आमच्या. नाही मिळाला तर प्रकल्प बंद, मुंगीची जागा बंद, आणि मी परत पहिल्या वर्षाच्या मुलांना पेशी शिकवायला मोकळी. समितीला आम्ही लिहून दिलंय की पूल बांधल्यापासून त्याच्याखाली राहणाऱ्या पाकोळ्यांचं कुळच वेगळं होत चाललंय. आता ते दाखवायचं आहे.

मुंगी आज टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, मला एक विचारायचं होतं..." एवढ्यात फ्रीझर दुरुस्तीवाला आला. नंतर मीच हाक मारून म्हटलं, "रजा हवी असेल तर घे गं, एवढं काय?" ती "नाही, रजा नको," म्हणून गेली. माझ्या लॅबमध्ये इतकं मोकळं वातावरण आहे, तरी ही पोरगी बुजते. घरचं वळण असेल.

२४ मार्च, मंगळवार

निकाल आला. तोंडचं पाणी पळालंय.

पडद्यावर एकेक पक्षी म्हणजे एकेक ठिपका. पुलाखालचा नारिंगी, कड्यावरचा निळा. ज्यांचं रक्त जवळचं ते ठिपके जवळ पडतात. मला दोन ढग हवे होते, एक नारिंगी आणि एक निळा. ढग दोनच आले, अगदी स्पष्ट. पण दोन्हींत दोन्ही रंग! नारिंगी ढगात निळे ठिपके, निळ्यात नारिंगी. दोन वेगवेगळ्या रंगांची बटणं लहान मुलाच्या हाती द्यावीत तसं झालंय.

मुंगी माझ्या खांद्यामागे उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. "मॅडम, त्या दिवशी प्लेट..."

"प्लेट उत्तम होती," मी म्हटलं. "केंद्रात घोळ झालाय. मी बघते त्या कर्नलकडे."

२५ मार्च, बुधवार

बघून आले. कर्नलला सरळ विचारलं, "तुमच्या यंत्रात आमचे नमुने एकमेकांत मिसळले का?"

त्याने आवाज चढवला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, "मिसळले असते तर ढग दोन दिसले नसते, सगळा काला झाला असता. रक्त स्वच्छ आहे. नावं चुकलेली वाटतात. नर-मादी जुळवून पाहिलंत?"

"नावं आमच्याकडे चुकत नाहीत," मी म्हटलं आणि निघाले. नाचता येईना अंगण वाकडं! स्वतःचं यंत्र तपासायचं सोडून माझ्या मुलींवर... म्हणजे मुंगीवर. नमुने बांधण्यापासून सगळं तीच बघते.

घरी लेकीवर ओरडले. तिने फक्त कात्री कुठे आहे विचारलं होतं.

२८ मार्च, शनिवार

सापडलं! उगाच चार दिवस रक्त आटवलं. निकाल बरोबरच आहे, चुकीची होते ती मी. पाकोळ्या घर बदलतात! पुलाखाली जन्मलेली पाकोळी कड्यावर नांदायला जाते आणि कड्यावरची पुलाखाली येते. कुळं दोन, पण सासर-माहेर चालू. म्हणून प्रत्येक ढगात दोन्ही रंग. हे तर आधीच्यापेक्षा सुंदर आहे. समितीपुढे हेच मांडायचं.

सकाळपासून लिहीत बसले. जेवताना नवऱ्याला समजावलं. तो शाळेत गणित शिकवतो. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तुम्ही पाकोळ्यांच्या पायात रिंग घालता ना? मग पुलाखाली रिंग घातलेली एक तरी कड्यावर सापडली का?"

"जाळ्यात सगळ्याच येतात असं नाही."

"तीन वर्षांत एकही नाही?"

उंटावरचा शहाणा. मी विषय बदलला. लेक म्हणाली, "बाबा, आईचं ठरलंय. कशाला बोलताय?" निदान पोरीला तरी माझी बाजू समजते.

३० मार्च, सोमवार

मुंगीला नवा सिद्धांत सांगितला. तिने मान हलवली, पण चेहरा आजारी माणसासारखा. मी विचारलं, "पटत नाहीये का? बोल की मोकळेपणी." ती म्हणाली, "मॅडम, रिंग..." मी म्हटलं, "तूही? घरी एक गणितवाला आहे, तेवढा पुरे." मग तिने मसुदा छापून आणून दिला. चुका सुधारून. गुणी आहे.

मसुदा कर्नललाही पाठवला. अहवालात केंद्राचे आभार मानावे लागतात, आणि खरं सांगायचं तर थोडी जिरवायचीही होती.

३१ मार्च, मंगळवार

कर्नलचा फोन आला. "हा मसुदा समितीला गेलाय का?"

"नाही. तीन तारखेला जाईल."

"मग आत्ता या."

गेले. त्याने नर-मादीचा हिशेब स्वतःच करून ठेवला होता. कुणी सांगितला होता? पाकोळीच्या मादीकडे एक गुणसूत्र असतं, ते नराकडे नसतंच. त्यामुळे डीएनएवरूनच कळतं, घरात मादी आहे की नर. त्याने प्लेटचं चित्र पडद्यावर काढलं होतं. जिथे आमची टिपणं आणि डीएनए जुळतात ते घर पांढरं, जुळत नाही ते काळं. वरच्या चार रांगा पांढऱ्याशुभ्र. खालच्या चार रांगांत निम्मी घरं काळी.

"पाकोळी घर बदलेल," कर्नल म्हणाला, "पण माहेर सोडलं म्हणून मादीचा नर होत नाही."

मला खुर्ची सापडेना. सासर, माहेर, सगळा सिद्धांत गेला. आणखी तीन दिवस तो बोलला नसता, तर समितीपुढे, सगळ्या पक्षीवाल्यांपुढे... लिहवत नाही. माझा पहिला विचार मात्र असा होता, आणि तो इथे लिहिते: मुंगीने घोळ घातला.

लॅबमध्ये येऊन तिला फैलावर घेतलं. एवढे महिने, एवढे पक्षी, आणि तुला साधी घरं मोजता येत नाहीत? ती भिंतीकडे बघत उभी होती. "सॉरी मॅडम," म्हणाली. एवढंच. मी म्हटलं, निदान कारण तरी सांग! तर गप्प. चूक कबूल करते म्हणजे मनाने चांगली आहे. पण कामाचं काय करायचं?

१ एप्रिल, बुधवार

कर्नल स्वतः आमच्या लॅबमध्ये आला. तो कधी कुणाकडे जात नाही. टेबलावर रिकामी प्लेट ठेवून म्हणाला, "चूक आंधळी नाहीये, तिला शिस्त आहे. खालच्या चार रांगा उलट्या वाचल्या, म्हणजे शेवटचं घर पहिलं धरलं, तर सगळं पांढरं होतं. कुणीतरी प्लेट अर्धा फेरा फिरवून भरली आहे. खालच्या रांगा कुणी भरल्या?"

"मी," म्हटलं मी. अगदी सहज. चहा कुणी केला विचारल्यावर सांगतात तसं.

मी डाव्या हातात प्लेट उचलली होती आणि बोलता बोलता माझ्या सोयीने वळवतही होते. कर्नलने माझ्या हाताकडे बघितलं. मुंगीने माझ्या हाताकडे बघितलं. सगळ्यात शेवटी मी बघितलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा इतका जड असतो हे माहीत नव्हतं.

कर्नल खाकरला. "डावऱ्या लोकांचं होतं असं," म्हणाला. "मीही डावराच आहे." आणि मग, "नुसतं उलटं वाचून जुळतंय म्हणून चालणार नाही. मूळ नळ्यांतले थोडे नमुने परत तपासू. माझी माणसं करतील. पैशांचं बघू नंतर." दारातून वळून म्हणाला, "तुमच्या अर्जाला शिफारस मीच लिहिली होती. तो फुकट जाऊ नये."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी त्याला धन्यवादही म्हटलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

मुंगीची माफी मागितली. "परवा मी वाटेल ते बोलले. चूक माझी होती. चुकलं माझं."

ती म्हणाली, "असू दे मॅडम."

"तुला माहीत होतं?"

ती टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही प्लेट फिरवलेली बघितली होती. मला वाटलं, तुम्ही मनात उलटं मोजत असाल. तुम्हाला येतं सगळं. नंतर निकाल आल्यावर सांगायला आले, पण..."

"पण काय?"

"तुम्ही कर्नल सरांकडे निघालात."

"मग परवा मी ओरडले तेव्हा का नाही बोललीस? सगळं स्वतःवर घेतलंस!"

"तुम्ही प्रश्न विचारत नव्हता, मॅडम."

मी हे घरी सांगितलं. म्हटलं, कमाल आहे, माझ्याइतकी मोकळी बाई नाही आणि ही म्हणते मी ऐकत नाही. नवऱ्याने लेकीकडे बघितलं. लेकीने ताटातून डोकं वर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातलं. दोघांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही, असं वाटून मी लवकर ताटावरून उठले. त्या दोघांनी नंतर भांडी घासली. दोघं कधी एकत्र भांडी घासत नाहीत.

७ एप्रिल, मंगळवार

फेरतपासणी आली. अहवालाला समितीने आजपर्यंत मुदत वाढवून दिली होती. नळ्यांमधले पक्षी आणि उलटे वाचलेले पक्षी एकच. एकूण एक जुळले.

मुंगीने ठिपक्यांचं चित्र नव्याने काढलं. डावीकडे नारिंगी ढग, उजवीकडे निळा, मधे मोकळं आकाश. पुलाखालच्या पाकोळ्या खरंच वेगळ्या होत चालल्यात. जीव भांड्यात पडला. स्टुलावर बसले आणि हसायला लागले, हसता हसता डोळे पुसले. मुंगीही हसली. तिला दातांत फट आहे हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

एकच नारिंगी ठिपका निळ्या ढगात शिल्लक आहे. मी म्हटलं, हा वगळू, एखादी चूक राहिली असेल. मुंगीने तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी मला ते दिसलं. मी ओठ दाताखाली धरले आणि थांबले. थांबणं किती अवघड असतं! चार वाक्यं माझ्या घशाशी आली होती.

"ती चूक नाही," ती शेवटी म्हणाली. "ती मादी मला आठवते. मागच्या वर्षी पुरात कड्याचा खालचा भाग पडला. त्यानंतर आठवडाभराने ती पुलाखाली आली होती, पायात रिंग नव्हती, जोडीदार नव्हता. कड्यावरचीच असणार. ठेवू या तिला."

ठेवली.

१० एप्रिल, शुक्रवार

बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सात गंभीर चेहरे. मी आधी निकाल मांडला आणि मग सांगितलं की प्लेट उलटी कशी भरली गेली, ती कुणी भरली आणि घोळ पकडला कसा. न सांगताही चाललं असतं. नवरा सकाळी म्हणाला होता, सांगून टाक, झोप लागेल. दारातून निघेपर्यंत माझं ठरलं नव्हतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः भरली?"

"हो. बऱ्याच दिवसांनी पिपेट धरलं होतं."

कुणीतरी हसलं. मग त्यांनी त्या एका चुकार ठिपक्याबद्दल विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "हे माझी सहकारी सांगेल." मुंगी उभी राहिली. आवाज आधी कापत होता, नंतर नाही. पूर कधी आला, कडा कुठून ढासळला, ती मादी कोणत्या घरट्यात शिरायला बघत होती, तिला तिथल्या पाकोळ्यांनी किती दिवस टोचून हाकललं आणि शेवटी कशी राहू दिली, सगळं सांगितलं. सात माणसं पुढे झुकून ऐकत होती. मीही. यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते.

निर्णय पुढच्या आठवड्यात, फोनवर कळवतील.

१६ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस फोन उशाला, फोन ताटाजवळ, फोन न्हाणीघराच्या फळीवर. लेक म्हणाली, त्यालाही एक रिंग घाल.

दुपारी लॅबमध्ये मुंगी आली आणि दार लोटून उभी राहिली. फोन टेबलावर आमच्या दोघींच्या मधे.

"मॅडम, मला एक विचारायचं होतं. बऱ्याच दिवसांपासून."

"बोल."

"मला दुसरीकडे नोकरी मिळतेय. मी अर्ज केला होता, त्या... त्या एकतीस तारखेनंतर. त्यांना उद्या उत्तर द्यायचंय."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"पण मला जायचं नाहीये. मला..." आणि फोन वाजला. पडद्यावर समितीच्या कार्यालयाचा नंबर. मुंगीने तो वाचला, तिचं तोंड मिटलं आणि ती एक पाऊल मागे सरकली, नेहमीसारखी.

"तू बोल," मी म्हटलं.

"मॅडम, फोन..."

"वाजू दे. तू बोल."

फोन वाजत होता, टेबलावर थरथरत पुढे सरकत होता. ती त्याच्याकडे बघत, घाईघाईत बोलायला लागली. मी म्हटलं, सावकाश. मग सावकाश बोलली. तिला पीएचडी करायची आहे. याच पाकोळ्यांवर. पूर आला की कुळं पुन्हा मिसळतात का, पुलाखालच्या पाकोळ्या परक्याला कधी आत घेतात आणि कधी नाही. दोन वर्षांपासून विचारायचं होतं. घरचे म्हणतात आता पुरे झालं शिक्षण. तिने पुराच्या आधीच्या आणि नंतरच्या घरट्यांचे नकाशेही काढून ठेवलेत, रविवारी रविवारी जाऊन, एकटीने. फोन मधेच थांबला, परत वाजला, परत थांबला. मी हात मांडीखाली दाबून धरले होते. ती थांबली तेव्हा मी विचारलं, "झालं?"

"झालं."

"अजून काही?"

तिने विचार केला. "फ्रीझरच्या दाराचं रबर परत सुटलंय," म्हणाली.

मग मी फोन लावला. समितीचे सचिव होते. दुसरा टप्पा मंजूर, तीन वर्षं. मी मुंगीकडे बघून मान हलवली, आणि ती भिंतीला टेकून हळूहळू खाली जमिनीवरच बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

सचिव म्हणत होते, "अहो, होतात कुठे? दोनदा केला. हा फोन तर लोक पहिल्या रिंगला उचलतात!"

"माझी विद्यार्थिनी बोलत होती," मी म्हटलं.